नाव मंजुळा

आमच्या गावच्या भोई आळीत माणूस गेलं, की आधी त्याची नाव काठावर ओढून पालथी घालतात आणि मग पाहुण्यांना फोन लावतात. सुतक फिटेपर्यंत ती तशीच राहते. काठानं जाणाऱ्याला काही विचारावं लागत नाही. पालथी नाव दिसली की तो चपला काढतो, घटकाभर उभा राहतो आणि पुढच्या कामाला लागतो.

किसनआबा गेले तेव्हा मात्र पंचाईत झाली. ज्या माणसानं उभा जन्म पाण्यावर काढला, त्याच्या दारात पालथी घालायला नावच नव्हती. त्यांच्या मुलाची, बाळूची, फायबरची होती. पण ती पोराची, बापाची नव्हे, असं आळीतल्या जुन्या लोकांचं म्हणणं पडलं. शेवटी काठ मोकळाच राहिला. लांबून आलेल्या एका पाहुण्यानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "म्हाताऱ्याची नाव इकली का काय पोरानं?"

"न्हाय," मी म्हटलं. "आबांनी आदीच घातली हुती पालथी. सोताच्या हातानं."

पाहुणा माझ्याकडं बघतच राहिला. त्याचंही बरोबर होतं. ज्यानं आबांना पाहिलंय त्याला तर हे मुळीच पटलं नसतं, कारण जगातली कुठलीही वस्तू पालथी घालायला आबांचा सक्त विरोध होता.

मी एस.टी.त कंडक्टर. आगार बारामती, घर इंदापूर तालुक्यात, धरणाच्या फुगवट्याच्या काठाला. आमच्या गावाची गावं दोन. एक वर, मतदारयादीतलं. आणि एक खाली, पाण्यातलं. धरण झालं तेव्हा भीमेकाठचं जुनं गाव पाण्यात गेलं आणि माणसं वर माळावर आली. नव्या गावठाणात आमची बौद्ध वस्ती आणि भोई आळी शेजारी शेजारी पडली. आमच्या विहाराच्या भिंतीपलीकडं पहिलं घर किसनआबांचं. त्यामुळं मला त्यांच्या घरी काय शिजलं ते वासावरून कळायचं, आणि आमच्या घरी काय भांडण झालं ते त्यांना आवाजावरून.

आबा ठेंगणे, खांद्यानं रुंद आणि पायानं बारीक. जमिनीवर चालताना थोडे डुलायचे. माझ्या गाडीत बसले तर कधी सीटवर टेकायचे नाहीत. पुढचा दांडा धरून उभे राहायचे. "आबा, जागा हाय की," म्हटलं, तर म्हणायचे, "बसल्यावर पानी कुठं हाय ते कळत न्हाय." आता बारामती-इंदापूर रस्त्यावर पाणी कुठून यायचं! पण हे त्यांना सांगणार कोण? जमिनीवर त्यांचा आवाज बारीक असायचा, दुसऱ्याच्या घरी आल्यासारखा. पाण्यावर गेले की तोच आवाज पलीकडच्या काठाला ऐकू जायचा.

आणि ते पालथ्याचं वेड. माझी आई भांडी घासून अंगणातल्या दगडावर पालथी घालायची. आबा काही मागायला, सांगायला आले, की बोलता बोलता एकेक भांडं उचलून सरळ करायचे. तांब्या, परात, कढई, सगळी आभाळाकडं तोंड करून. आई वैतागायची. "आबा, धूळ बसती त्यात! पुन्यांदा घासाया तुमीच या."

"घाशीन की. पन हे असं नगं दिसाया."

एकदा मी त्यांना बारामतीच्या स्टँडवर कॅन्टीनमध्ये चहाला नेलं. टेबलावर धुतलेले ग्लास पालथे ठेवलेले. आबांनी आधी ते सगळे सरळ केले, मग शेजारच्या टेबलावरचे केले आणि मगच उभ्यानं चहा घेतला. कॅन्टीनवाला मला म्हणाला, "कंडक्टर, तुमच्या पाहुण्यास्नी कामाला ठिवायचं का?" आबांना मी आणखी बरेच दिवस त्यावरून छळलं. ते हसायचे, पण ग्लास दिसला की हात जायचाच.

पाण्यावरची माणसं उलट्याला भितात, एवढंच मी समजत होतो. त्यांच्या घरी तव्यावरचा मासासुद्धा 'उलटव' म्हणायची सोय नव्हती. आबांची बायको, तिला सगळी आळी आक्का म्हणायची, ती म्हणायची, "जरा कूस बदल गं त्याची." नावेला डांबर लावताना बाकीचे लोक खुशाल ती पालथी घालून तळ रंगवतात. आबा मात्र आपली नाव ओंडक्याला आडवी टेकवायचे. आज एक कूस, उद्या दुसरी. दुप्पट मेहनत.

या वेडाच्या मुळाशी काय होतं, ते मला माझ्या मुलीमुळं कळलं. ती तान्ही होती. एका सकाळी अंथरुणावर पहिल्यांदा उपडी वळली, मान वर काढून आमच्याकडं बघून हसली. बापाला असल्या वेळी काही सुचत नाही. मी पेढे आणले आणि आधी भिंतीपलीकडं धावलो. "आबा, घ्या! पोरगी पालथी पडली!"

आबांच्या हातातला पेढा हातातच राहिला. तोंडावरचं हसू तसंच होतं, पण डोळे दुसरीकडं गेले. मग म्हणाले, "चांगलं झालं. पन कूस बदलली म्हनावं, कंडक्टर." आणि पेढा खाऊन ते काठाकडं निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आक्का आमच्या आईकडं आली आणि दोघी चुलीपाशी बराच वेळ बसल्या. आईला सगळं आधीपासून ठाऊक होतं. मला त्या दिवशी सांगितलं.

आबांची पहिली मुलगी जुन्या गावात झाली. नाव ठेवायच्या आधी, बारशाची तयारी चालू असतानाच ती गेली. कशानं गेली हे कुणाला कळलं नाही. सकाळी अंग गार लागलं. नदीकाठी चिंचेच्या बुडाशी तिला मातीत ठेवलं. कोल्ह्याकुत्र्यानं उकरू नये म्हणून आबांनी आपल्या आईच्या फुटक्या जात्याची तळी डोक्यावरून नेऊन वर दाबून बसवली. त्यांच्याकडं तेव्हा स्वतःची नाव नव्हती. भावकीतल्या कुणाची तरी मागून पालथी घालावी म्हणून ते गेले, तर जाणत्या माणसांनी समजूत घातली : अरे, जिला नाव न्हाय ठिवलं, तिचं सुतक कसलं? दुसऱ्या दिवशी आबा जाळं घेऊन नदीवर गेले. जावंच लागलं. "पालथी पडायच्या आदीच गेली माजी," असं आक्का आईला म्हणाली होती. आई हे सांगताना चुलीत बघत होती. मला मात्र त्या पेढ्यांची चव पुढं कितीतरी दिवस तोंडात नकोशी वाटत राहिली.

मग धरण भरलं. पाणी चढत होतं तेव्हा काठावर बसून बघायला कुणाला सवड नव्हती. जो तो आपली दारं, कड्या, तुळया काढून वर आणत होता. सगळं आवरून माणसांनी खाली पाहिलं, तर गावाच्या जागी पाणी आणि त्यातून एका चिंचेचा शेंडा तेवढा बाहेर. आबांनी तो बघितला आणि ओळखला. पुढं काही वर्षांत तो शेंडाही कुजून पडला. पण तोवर आबांच्या डोळ्यांत ती जागा पक्की झाली होती. वरच्या नव्या देवळाच्या कळसाचं टोक इकडं, टेकडीवरचा पांढरा धोंडा तिकडं. डोळे मिटूनसुद्धा ते तिथं बरोबर नाव उभी करायचे.

नाव आली ती पाणी आल्यावर. बाभळीच्या फळ्यांची, इंदापूरच्या सुतारानं घडवलेली. ती पाण्यात सोडायच्या दिवशी आक्कानं आळीतल्या आणि आमच्या वस्तीतल्या बायकांना बोलावणं धाडलं. आईला वाटलं पूजा असेल, नारळ असेल. बघते तर आक्कानं घुगऱ्या शिजवलेल्या. नावेला हळदकुंकू लावलं, पदरानं तिचं नाक पुसलं, नाकाला तोंड लावून काहीतरी पुटपुटली आणि मान वर करून बायकांकडं बघू लागली. बायका आधी गोंधळल्या. मग आमच्या आईच्या ध्यानात आलं आणि तिनं मोठ्यानं 'कुर्रर्र' केलं. मग सगळ्यांनीच केलं.

पुरुषमंडळी हसली. एक जण म्हणाला, "नावंला नाव ठिवत्यात व्हय कुनी?"

"नावं ठेवाया तुमी हाव की," आक्का म्हणाली. "मी नाव ठिवलं. मंजुळा."

आबा पाठमोरे उभे होते, दोर धरून. दोर धरायची तशी काही गरज नव्हती, वारा नव्हता, असं आई सांगायची.

तेव्हापासून ती नाव त्या घरातली थोरली झाली. बाळू नंतरचा, म्हणून तो धाकटा. नागपंचमीला मंजुळाच्या नाकावरच्या कडीत हिरवी बांगडी अडकवली जायची. पहिली डांबराची बादली म्हणजे मंजीची अंघोळ. बाळू लहानपणी शेजाऱ्यांना ठणकावून सांगायचा, "आमी दोघं भैन-भाऊ." आक्का पाटी घेऊन माझ्या गाडीत बसायची, सणसरला नाहीतर काटेवाडीला उतरून दारोदार मासे विकायची. गाडीत उसवाले नाक मुरडायचे. ती त्यांना म्हणायची, "तुमच्या मळीचा वास गोड लागतो व्हय? आमच्या मंजीची कमाई हाय ही." ऐकणाऱ्याला वाटायचं, हिची मुलगी कुठंतरी नोकरीला आहे. मी तिकिटं फाडत राहायचो.

सुट्टीच्या दिवशी मी आबांबरोबर मंजुळात बसायचो. पाण्यावर गेलं की जुनं गाव सुरू व्हायचं. भोयांनी जाळी टाकायच्या जागांना अंदाजानं जुन्या गावाचीच नावं ठेवलेली. आज चावडीत चिलापी लागली, देवळामागं जाळं अडकलं, पाटलाच्या खळ्यावर काहीच नाही. ज्या पोरांनी ती चावडी जन्मात बघितली नाही, तीही चावडीत जाळं फाटलं म्हणून शिव्या घालायची. एवढ्या गडबडीत आबा एका जागी दोन्ही वल्ही आत ओढून घ्यायचे. हात गुडघ्यावर. नाव जरा वाहायला लागली, की एक वल्हं हलकेच टेकवून परत जागेवर आणायचे. तोंडानं काही नाही. मग "चला" म्हणायचे आणि पुढं.

पहिल्यांदा मी चेष्टेनं म्हटलं होतं, "आबा, हा काय विनंती थांबा हाय?" तेव्हा मला काही माहीत नव्हतं. माहीत झाल्यावर मी शरमलो, पण आबांना तो शब्द फार आवडला होता. फ्लेमिंगो बघायला शहरातली माणसं यायला लागली, तेव्हा बाळूनं फायबरची नाव घेतली. पण ती भरली की उरलेले लोक मंजुळात बसायचे. आबा त्यांनाही तिथं थांबवायचे. पक्षी नाही, काही नाही, मग थांबलो का, असं कुणी विचारलं, की अगदी गंभीरपणे सांगायचे, "विनंती थांबा हाय. आमच्या कंडक्टरला इचारा."

थांब्यापासून हाकेच्या अंतरावर खालचा डोह होता. आबांचं जाळं तिथंच पडायचं. इतरांना रिकाम्या हातानं यावं लागलं तरी खालच्या डोहात आबांना मरळ नाहीतर वांब लागायचीच. "पानी कुनाला रिकामं धाडत न्हाय," ते म्हणायचे, "काय न्हाय तर भिजवून तरी धाडतं." आणि मग नावेच्या फळीवर थाप मारून, "थोरलीला भेटून आलं की धाकट्याचं प्वाट भरतं."

दोन उन्हाळ्यांमागं पाणी हटलं. तसं ते दर उन्हाळ्यात हटतं. पण त्या साली हटतच गेलं. देऊळ उघडं पडलं, मग चावडीचं जोतं, मग गल्ल्या. लांबलांबून लोक मोबाईल घेऊन यायला लागले. गावातले म्हातारे नातवंडांना हाताला धरून आपली घरं दाखवायला नेऊ लागले. आबा तेवढे गेले नाहीत. मंजुळा पार खाली, उरल्या पाण्याच्या कडेला चिखलात रुतून होती. आबा दारात बसून तिच्याकडं बघायचे.

शेवटी आक्काच उठली. माझी सुट्टी होती, मला म्हणाली, "चल रं. ह्यास्नी घिऊन चल." आम्ही तिघं उतरलो. भेगाळलेल्या गाळात शिंपले पायाखाली करकरत होते. आक्का चालत होती ती थेट गल्लीतून चालल्यासारखी, वळणावर वळत. "हितं चावडी. ह्यो तुज्या आज्याचा उंबरा. हितनं वाकून जा, छपार हुतं." मीही वाकलो.

आबांनी वरच्या देवळाकडं पाहिलं, टेकडीकडं पाहिलं आणि सरळ आपल्या जागी गेले. तिथं खोड होतं. काळं, कुजकं, पण चिंचेचंच. आबा त्याच्याभोवती फिरले. पायानं गाळ उकरला, मग हातानं उकरला. मीही बसून उकरायला लागलो. कठीण, चोपलेली जमीन लागली. जात्याचा दगड काही लागला नाही.

"गाळात खाली गेला आसंल," मी म्हटलं.

आबा उठून उभे राहिले. त्या चोपलेल्या जमिनीवर त्यांनी पाऊल घासलं आणि त्यांचा आवाज अगदी बसला. "ह्ये तर पाटलाचं खळं हाय."

तेवढ्यात खालून आक्काची हाक आली. ती आमच्यासाठी थांबलीच नव्हती. उतारावर, जिथं पूर्वीची नदी होती तिच्या अंगाला, एक दुसरं खोड होतं, ठेंगणं. त्याच्या मुळाशी ती मांडी घालून बसली होती. समोर गोल दगड, मधोमध भोक, भोकात गाळ भरलेला.

चिंचा दोन होत्या. एक वरची, पाटलाच्या खळ्याजवळची. एक खालची, काठावरची. पाणी आलं तेव्हा खालची पहिल्याच झपाट्यात बुडाली आणि वरचीचा शेंडा राहिला. दोन चिंचा आहेत हे आबांना काय माहीत नव्हतं? पण त्या दिवसांत पाण्याबाहेर एकच झाड दिसत होतं, आणि त्यांना एकच झाड हवं होतं.

आबा खाली आले. दगडाच्या भोवती, खोडाच्या मुळ्यांत, जाळ्यांच्या चिंध्या गुंतून पडल्या होत्या. थर्मोकोलचे तुकडे, शिशाचे मणी, तुटके दोर. खालचा डोह तो हाच. आबांनी वाकून एक दोर उचलला आणि त्याची गाठ अंगठ्यानं चाचपली. भोई आपली गाठ अंधारातही ओळखतो. त्यांनी ती मला दाखवली नाही, पण मला कळलं.

"तिच्यावं जाळं टाकलं आपुन," ते म्हणाले. "इतकी वर्सं. अन् थांबलो ते पाटलाच्या खळ्यावं."

आक्का दगडातला गाळ काडीनं काढत होती. "टाकलं," ती म्हणाली. "अन् तिनं भरून दिलं. थोरलीनं घर चालवलं, दुसरं काय."

"तुला ठावं हुतं?"

"ठावं नव्हतं. कवाकवा वाटायचं, चिच एवढी वर नव्हती. पन तुमी वल्ही आत घ्यायचा, ते मला काठावनं दिसायचं. म्हनलं कुठं का आसंना, थांबत्यात तरी तिच्यासाठी."

आबा खाली बसले आणि रडले. मी त्यांना रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मोठ्यानं रडले, पाण्यावरच्या आवाजात. मलाही आवरलं नाही.

त्याच दिवसांत गाळाचं काम सुरू झालं होतं. उघड्या पडलेल्या तळातला गाळ शेताला सोन्यासारखा. लोक जेसीबी लावून ट्रॅक्टर भरभरून नेत होते. त्यांची काही चूक नव्हती, पाण्यानं नेलेली मातीच ते परत नेत होते. पण यंत्र वरच्या अंगानं रोज थोडं थोडं खालच्या चिंचेकडं सरकत होतं. बाळू जाऊन बोलून आला. गाळ नेणारा शेतकरी भला होता. म्हणाला, जागेवर काहीतरी खूण करा, आम्ही सोडून देऊ. बाळूनं काठीला फडकं बांधून रोवलं. संध्याकाळी ट्रॅक्टर वळताना ते आडवं झालं.

"आबा, दगड वर न्हेऊ," बाळू म्हणाला. "दारात ठिवू. रोज दिसंल."

"दगड न्हेशील. अन् ती?"

 त्या रात्री आबा जेवले नाहीत असं आक्का म्हणाली. सकाळी उठले ते आळीत दारोदार गेले. एवढंच म्हणाले, "मंजीला हलवायची हाय. हात लावाया या."

उरल्या पाण्याच्या कडेपासून खालच्या चिंचेपर्यंत सगळी आळी लागली. खाली ओंडके टाकायचे, नाव पुढं ओढायची, मागचे ओंडके उचलून पुन्हा पुढं टाकायचे. बायका होत्या, आमच्या वस्तीतले लोक होते. एरवी नाव ओढताना आरोळी देतात. त्या दिवशी कुणी दिली नाही. बाळू दोर खांद्यावर घेऊन सगळ्यांत पुढं होता. मध्येच थांबून तो बापाला म्हणाला, "पानी चढलं की खाली जाईल ती, आबा. कायमची."

"व्हय," आबा म्हणाले. "तिच्यापशी ऱ्हाईल."

दगडापाशी आल्यावर सगळे थबकले. आता काय करायचं ते प्रत्येकाला कळलं होतं, पण आबांच्या नावेला तसा हात लावायची कुणाची छाती होईना. आबांनी स्वतः खांदा लावला. "धरा," म्हणाले. मंजुळा वर उचलली गेली, एका कुशीवर क्षणभर उभी राहिली आणि जात्याच्या दगडावर, चिंचेच्या मुळीवर, पालथी झाली.

आबांनी चपला काढल्या. मग सगळ्या आळीनं काढल्या.

वरच्या अंगाला जेसीबी बंद झाला. चालक उतरून आला. मराठवाड्याकडचा होता, गावातलं काही त्याला माहीत नव्हतं. अनवाणी उभी असलेली माणसं बघून तो हळू आवाजात म्हणाला, "बाबा, कोन हाय खाली?"

"थोरली हाय आमची," आक्का म्हणाली.

"नाव काय?"

आक्कानं नावेच्या नाकाकडं बोट केलं. तिथं बाळूनं शाळेत असताना ऑइलपेंटनं काढलेली अक्षरं आता उलटी दिसत होती. चालकानं मान वाकडी करून ती वाचली. "मंजुळा," तो म्हणाला. "बाजूनं घेतो मी." आणि त्यानं बाजूनं घेतलं.

त्या दिवसापासून आबांच्या घरानं सुतक पाळलं. कुणाचं, असं आळीत कुणी विचारलं नाही.

आमच्याकडं पाऊस पडत नाही, पाणी येतं. पाऊस पडतो तिकडं मावळात. इकडं ऊन तापलेलं असतं आणि नदी गुपचूप चढायला लागते. त्या साली आषाढात तसंच झालं. ड्यूटी संपवून मी गाडीतून उतरलो, तर बाळू फाट्यावरच भेटला. म्हणाला, "पानी नावंला टेकलंय. अजून येळ हाय, चारजनं मिळून काढता यील. तुमी सांगून बघा, तुमचं ऐकत्यात."

मी गणवेशातच खाली गेलो. आबा गुडघाभर पाण्यात उभे होते. मंजुळाच्या तळावर, जिथं दरसाल डांबर लावायचे तिथं, त्यांचा हात होता. कडीतल्या हिरव्या बांगडीला पाणी लागत होतं. पलीकडं सगळं जुनं गाव पुन्हा हळूहळू बुडत चाललं होतं आणि काठावर आक्का बसून होती.

यानंतरही मी आबांना पाहिलं, थंडीत ते गेले तोपर्यंत. पण माझ्या डोळ्यांपुढं येतात ते असे.

"आबा," मी म्हटलं, "सुतक फिटलं की नाव सरळ करायची असती. रीत हाय तुमची."

त्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं. चेहरा ओला होता, आणि तरी हसत होते. मला वाटलं ऐकतील.

"कंडक्टर," ते म्हणाले, "पेढं आनलंस का?"

"पेढं? कशाचं, आबा?"

"आरं, पालथी पडली की आमची मंजुळा."